खोडावरचे दोन पतंग : एका शालेय धड्याचा इतिहास

जीवशास्त्राच्या पुस्तकात उत्क्रांतीचा धडा आला की एक चित्र बहुधा येतेच : झाडाचे खोड आणि त्यावर पंख पसरून बसलेले दोन पतंग, एक पांढुरका, काळ्या ठिपक्यांचा, दुसरा काजळासारखा काळा, शेजारी दुसरे खोड, त्यावरही तेच दोघे, मात्र पहिल्या खोडावर जो चटकन नजरेत भरतो तो दुसऱ्यावर शोधावा लागतो. इंग्लंडच्या रानांत आणि बागांत सर्रास आढळणाऱ्या ‘पेपर्ड मॉथ’ या पतंगाची जगभरच्या शाळकरी मुलांना झालेली ओळख गेली साठएक वर्षे या चित्रापुरती राहिली आहे. चित्राच्या आधीही हा पतंग निदान इंग्लंडातल्या मुलांना ठाऊक होता, पण तेव्हाची ओळख खुरप्याने माती उकरून, डब्यात अळ्या पोसून आणि रात्री कंदील घेऊन रानात हिंडून झालेली होती. ती ओळख मागे पडून चित्राची ओळख कशी रुजली आणि त्या बदलात काय हाती आले व काय निसटले, हे पाहू गेल्यास एका कीटकाच्या निमित्ताने दोन शतकांतील निसर्गशिक्षणाच्या रीती उलगडत जातात.

मराठीत ‘पतंग’ म्हटले की आधी आठवतो तो संक्रांतीच्या सुमारास आकाशात चढणारा कागदाचा, आणि नंतर दिव्यावर झेप घेऊन जळणारा, कवींनी दृष्टान्ताला जुंपलेला जीव. पाहण्याचा, पाळण्याचा प्राणी म्हणून पतंग मराठी मुलासमोर क्वचितच येतो. विदर्भातील भंडारा-गडचिरोलीच्या पट्ट्यात ऐनाच्या झाडांवर टसर रेशमाच्या अळ्या वाढवल्या जातात, तेथील मुले तेवढी याला अपवाद म्हणता येतील. शास्त्राच्या दृष्टीने फुलपाखरे आणि पतंग हे एकाच गणातील, म्हणजे पंखांवर कौलांसारखे सूक्ष्म खवले असलेल्या ‘खवलेपंखी’ कीटकांपैकी आहेत, आणि त्यांत संख्येने पतंगांचेच पारडे फार जड आहे : ब्रिटनमध्ये फुलपाखरांच्या प्रजाती साठाच्या आसपास भरतात, तर पतंगांच्या सुमारे २,५००.

पेपर म्हणजे मिरी, आणि पेपर्ड म्हणजे मिरपूड भुरभुरलेला. साईसारख्या पांढऱ्या पंखांवर कोणी जाडसर कुटलेली मिरी शिंपडावी तसे या पतंगाचे मूळ रूप दिसते, त्यामुळे मराठीत त्याला ‘मिरी-पतंग’ म्हणणे सोयीचे ठरेल. लिनिअसने १७५८ मध्ये त्याला दिलेले ‘बेटुलारिया’ हे नाव बर्च झाडाच्या ‘बेटुला’ या लॅटिन नावावरून आले आहे. ज्याच्या सालीवर आपल्याकडे पोथ्या लिहिल्या जात तो हिमालयातील भूर्जवृक्ष याच बेटुला वंशातला. पतंगाचे आजचे पूर्ण शास्त्रीय नाव बिस्टन बेटुलारिया असे आहे. पंख पसरल्यावर तो साडेचार ते सहा सेंटिमीटर भरतो, मे ते ऑगस्ट या काळात कोशातून बाहेर पडतो, काही खात नाही, दिवसा झाडावर निश्चल बसून राहतो आणि रात्री उडतो. त्याची अळी ही त्याच्या कुळाची खरी गंमत आहे. तिला शरीराच्या मध्यभागी पाय नसल्याने मागचा भाग पुढच्या पायांजवळ ओढून, पाठीची कमान करून ती चालते. आपल्याकडील शेतकरी अशा चालीच्या अळीला ‘उंटअळी’ म्हणतात, तर युरोपीय शास्त्रज्ञांना ती वितीवितीने जमीन मोजताना दिसली आणि त्यांनी या कुळाला भूमापक अशा अर्थाचे नाव दिले. धोका वाटला की हीच अळी मागच्या पायांनी फांदीला धरून उरलेले अंग काटकीसारखे ताठ बाहेर काढते, आणि तिच्या डोक्यावरची खाच तुटलेल्या कळीच्या टोकासारखी दिसत असल्याने हात लावेपर्यंत ती काटकी नव्हे हे कळत नाही. हिवाळा ती कोशावस्थेत, झाडाच्या बुंध्याशी मातीत काढते.

इंग्लंडात पतंग गोळा करण्याचा छंद अठराव्या शतकाच्या पूर्वार्धापासून संघटित स्वरूपात दिसतो. कोशांच्या सोनेरी झळाळीवरून या छांदिष्टांना ‘ऑरेलियन’, म्हणजे सोनकोशवाले, असे नाव पडले होते. लंडनमधील त्यांच्या मंडळाचा संग्रह १७४८ च्या कॉर्नहिल भागातील आगीत जळून गेला, आणि त्यांच्या परंपरेची स्मृती मोझेस हॅरिस या चित्रकाराच्या ‘द ऑरेलियन’ (१७६६) या देखण्या ग्रंथात राहिली. तेव्हा हा शौक पैसेवाल्यांचा होता. एकोणिसाव्या शतकात स्वस्त पुस्तके आणि आगगाडी यांच्या जोरावर तो गिरणगावांपर्यंत पोहोचला, आणि लँकेशायरमधील विणकरांत वनस्पती व कीटक यांचे जाणकार निर्माण झाले. एलिझाबेथ गॅस्केल यांच्या ‘मेरी बार्टन’ या १८४८ च्या कादंबरीतील जॉब ली हा मँचेस्टरचा म्हातारा विणकर असाच कीटकसंग्राहक आहे, आणि लेखिकेने त्याच्या निमित्ताने अशा कामगार-अभ्यासकांचे वर्णन मुद्दाम केले आहे. माग चालवणाऱ्या माणसाच्या घरात टाचणीला टोचलेले कीटक आणि लॅटिन नावे असत, आणि साहजिकच घरातली पोरेही त्यात ओढली जात, ही गोष्ट भारतीय वाचकाला नवलाची वाटेल. येथील गिरणगावांना कलापथके आणि व्यायामशाळा लाभल्या, पण पतंगांच्या पेट्या लाभल्याचे दिसत नाही.

या छंदाची शाळा झाडाखाली भरे आणि तिच्यातले कौशल्य हातांना शिकावे लागे. झाडांच्या खोडांना संध्याकाळी काकवी आणि दारू यांचे गोड मिश्रण फासून ठेवायचे व रात्री कंदिलाच्या उजेडात त्यावर आलेले पतंग टिपायचे, ही एक रीत. मात्र मिरी-पतंग खातच नसल्याने तो या आमिषाला भुलत नसे आणि त्याच्यासाठी वेगळ्या युक्त्या लागत. कोशातून नुकतीच निघालेली, नराशी संग न झालेली मादी जाळीच्या डबीत ठेवून ती डबी फांदीला टांगली की तिच्या शरीरातून सुटणाऱ्या गंधाच्या मागावर दूरदूरचे नर येऊन जमत. याला संग्राहक ‘जमवाजमव’ अशा अर्थाचा शब्द वापरत. तिसरी रीत सर्वांत स्वस्त आणि मुलांच्या आवाक्यातली होती, ती म्हणजे कोश उकरणे. रेव्हरंड जोसेफ ग्रीन हा धर्मोपदेशक या कामातला उस्ताद मानला जाई आणि १८६३ च्या आपल्या मार्गदर्शिकेत त्याने त्यावर सविस्तर लिहिले. शरद ऋतूत किंवा हिवाळ्यात, गायरानात सुट्या उभ्या असलेल्या झाडाच्या बुंध्याशी मुळांच्या बेचक्यात साचलेली भुसभुशीत माती खुरप्याने हलकेच उलटायची, आणि ढेकळे बोटांनी फोडत जायचे. त्यांतून कधीतरी चकचकीत, गडद तपकिरी, बोटाच्या पेराएवढा कोश हाती येई. तो ओलसर शेवाळात जपून ठेवायचा आणि उन्हाळ्याची वाट पाहायची. कोशातून कोणता पतंग निघेल याची हमी नसे आणि कधीकधी पतंगाऐवजी परजीवी माशीच बाहेर येई, म्हणजे प्रतीक्षा आणि निराशा हे दोन्ही पाठ त्यात आपसूक होते.

या रीतीचे कौतुक करताना तिच्यातील क्रौर्य झाकण्याचे कारण नाही. चेरी-लॉरेल या झुडपाची पाने कुस्करून बाटलीत घातली की त्यांतून सायनाइडची विषारी वाफ सुटते. तीत पतंग सोडून मारायचा, टाचणीवर टोचायचा, पंख फळीवर ताणून वाळवायचे, हे काम लहान मुलेही करत. दुर्मीळ नमुन्याला दाम मिळे, अदलाबदल चाले. मात्र या वेडातूनच, कोणी न ठरवता, एक प्रचंड नोंदवही तयार होत गेली. कोणत्या गावात कोणत्या साली कोणत्या रंगाचा पतंग मिळाला हे चिठ्ठीवर लिहून टाचणीखाली खोचण्याच्या सवयीमुळेच पुढची सारी कथा सांगता येते.

१८६४ मध्ये आर. एस. एडल्स्टन या मँचेस्टरच्या संग्राहकाने एक छोटे टिपण प्रसिद्ध केले, आणि त्यात सुमारे सोळा वर्षांपूर्वी, म्हणजे १८४८ च्या आसपास, शहराच्या मध्यभागाजवळ मिरी-पतंगाचा पूर्ण काळा नमुना पकडला गेल्याचे सांगितले. स्वतःच्या बागेत त्याने माद्या ठेवून नर जमवले तेव्हा आलेल्यांत काळ्यांचाच भरणा होता, आणि असेच चालले तर मूळ रूप लवकरच नाहीसे होईल, असा अंदाज त्याने वर्तवला. तो जवळजवळ खरा ठरला : १८९५ च्या सुमारास मँचेस्टर परिसरातील शंभरातले अठ्ठ्याण्णव पतंग काळे होते. ज्या साली जॉब ली कादंबरीत अवतरला त्याच सुमारास त्याच शहरात हा काळा पतंग पहिल्यांदा सापडावा, हा योगायोग लक्षात ठेवण्याजोगा आहे.

या बदलाचे कारण समजायचे तर खोडाकडे पाहावे लागते. स्वच्छ हवेतल्या इंग्लिश रानात झाडांच्या साली उघड्या नसतात. त्यांवर शैवाकाचा, म्हणजे बुरशी आणि शैवाल यांच्या सहजीवनातून बनलेल्या वनस्पतीसदृश जीवाचा, करडा-पांढरा थर असतो. मराठी घरांत हा जीव अनोळखी नाही, कारण गोड्या मसाल्यात पडणारे दगडफूल हे शैवाकच होय, आणि ते हातात घेऊन पाहिले तर मिरी-पतंगाचे मूळ रूप त्यावर कसे लपत असेल हे एका दृष्टिक्षेपात कळते. कोळशाच्या धुरातील सल्फर डायऑक्साइड हा वायू शैवाकाला मारक असतो. गिरण्यांच्या धुराड्यांनी पाऊण-शतकभर तो ओकल्यावर मँचेस्टर, बर्मिंगहॅम, शेफील्ड यांच्या आसपासची खोडे आधी दगडफुलाविना उघडी पडली आणि मग काजळीने काळी झाली. पांढरा पतंग त्यांवर चुन्याच्या ठिपक्यासारखा उठून दिसू लागला आणि काळा लपू लागला. उद्योगप्रदेशांत कीटकांची काळी रूपे वाढण्याच्या या घटनेला पुढे ‘औद्योगिक कृष्णवर्णता’ हे नाव मिळाले.

पक्षी हे यामागचे निवड करणारे हात असावेत, असे स्पष्टीकरण ‘ब्रिटिश मॉथ्स’ (१८९६) या सर्वसामान्यांसाठीच्या पुस्तकात मांडणारा जे. डब्ल्यू. टट हा लंडनमधला शाळामास्तर होता. पुढे सत्तर वर्षांनी जो धडा जगभरातल्या शाळांनी गिरवला तो मुळात एका शिक्षकाला सुचलेला होता, याची नोंद पाठ्यपुस्तके सहसा घेत नाहीत. त्याआधी, १८७८ मध्ये, ए. बी. फार्न या संग्राहकाने दुसऱ्या एका पतंगाविषयी जवळजवळ हीच कल्पना पत्राने थेट चार्ल्स डार्विनला कळवली होती, पण डार्विनने तिचा उपयोग केल्याचे दिसत नाही. नैसर्गिक निवड डोळ्यांसमोर घडताना दिसणे शक्य नाही, इतकी ती संथ असते, ही त्याची पक्की समजूत होती.

ती समजूत गणिताने मोडली. १९२४ मध्ये जे. बी. एस. हाल्डेन यांनी हिशेब मांडून दाखवले की पन्नास वर्षांत काळ्यांची संख्या इतकी वाढायची असेल, तर काळ्या पतंगाला पांढऱ्याच्या सुमारे दीडपट संतती मागे ठेवता आली पाहिजे, म्हणजे निवडीचा जोर त्या काळी कोणी कल्पिला नव्हता एवढा मोठा असला पाहिजे. हेच हाल्डेन १९५७ मध्ये कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत आले, भारतीय नागरिक झाले आणि १९६४ मध्ये भुवनेश्वरला निवर्तले. मुलांसाठी त्यांनी ‘माय फ्रेंड मिस्टर लीकी’ हे एका जादूगाराच्या गोष्टींचे पुस्तक लिहिले. पतंगाची गोष्ट मुलांपर्यंत नेण्याचे काम मात्र दुसऱ्याकडे गेले.

तो दुसरा म्हणजे बर्नार्ड केटलवेल. शिक्षणाने डॉक्टर, वृत्तीने पतंगवेडा आणि ऑक्सफर्डमध्ये ई. बी. फोर्ड यांच्या हाताखाली संशोधक झालेल्या या माणसाने १९५३ च्या उन्हाळ्यात बर्मिंगहॅमजवळच्या रुबरी येथील काजळलेल्या रानात पहिला मोठा प्रयोग केला. पद्धत अशी की पाळून वाढवलेल्या नरांच्या पंखांखाली, पक्ष्यांना दिसू नये अशा जागी, रंगाचा बारीक ठिपका द्यायचा, ते झाडांवर सोडायचे, आणि नंतर रात्री पाऱ्याच्या वाफेचा प्रखर दिवा व डबीतल्या माद्या यांच्या साहाय्याने त्यांतले किती जिवंत परततात हे मोजायचे. म्हणजे विणकरांच्या काळची मादी टांगण्याची युक्तीच येथे मोजमापाचे साधन झाली. सोडलेल्या ४४७ काळ्यांपैकी १२३ आणि १३७ पांढऱ्यांपैकी १८ परत सापडले. शेकड्यात सांगायचे तर २७.५ आणि १३. दोन वर्षांनी डॉर्सेटमधील दगडफुलांनी भरलेल्या, धूर न पोहोचलेल्या रानात हाच प्रयोग केला तेव्हा पारडे फिरले : ४९६ पांढऱ्यांपैकी ६२ परतले, तर ४७३ काळ्यांपैकी केवळ ३०. पक्षी बसलेले पतंग टिपतात यावर तेव्हाच्या अनेक तज्ज्ञांचा विश्वास नव्हता, म्हणून पुढे नोबेल मिळवणाऱ्या निको टिनबर्गन यांनी आडोशाला दडून त्याचे चित्रीकरण केले. १९५९ मध्ये केटलवेलने ‘सायंटिफिक अमेरिकन’ मासिकात लिहिलेल्या लेखाच्या शीर्षकाचा भाव, डार्विनला न मिळालेला पुरावा हाच, असा होता.

येथून पतंग शाळेत शिरला. शिक्षकाच्या दृष्टीने याहून सोयीचे उदाहरण मिळणे अवघड होते : कारण एक, परिणाम एक, काळ पन्नास-शंभर वर्षांचा, आणि सारे दोन छायाचित्रांत मावणारे. वर्गात खेळायचा खेळही त्यातून निघाला, तो असा की वर्तमानपत्राच्या आणि कोऱ्या कागदाच्या पतंगाकृती कापून त्या वर्तमानपत्रावर पसरायच्या, मुलांनी पक्षी होऊन ठरावीक सेकंदांत जेवढ्या सापडतील तेवढ्या उचलायच्या आणि उरलेल्या मोजायच्या. खेळ म्हणून तो उत्तम आहे, कारण निवड ही कोणाच्या इच्छेने होत नसून उरलेल्यांच्या मोजणीत दिसते, ही अवघड गोष्ट दहा वर्षांच्या मुलालाही त्यातून कळते. भारतातही एनसीईआरटीच्या बारावीच्या जीवशास्त्रात हा पतंग आहे. १८५० च्या दशकात पांढऱ्यांची बहुसंख्या, १९२० पर्यंत काळ्यांची, एवढा तपशील घेऊन ‘नीट’ची तयारी करणारा विद्यार्थी तो पाठ करतो. पाठ करणाऱ्याने कदाचित मिरी-पतंग पाहिलेला नसतो, बर्चही पाहिलेला नसतो, आणि शैवाक म्हणजे घरच्या डब्यातले दगडफूल हे त्याला कोणी सांगितलेले नसते.

सोय झाली तशी तिची किंमतही चुकवावी लागली. चित्रातले दोन पतंग वीतभर अंतरावर शेजारी बसतात, ते केवळ तुलना दिसावी म्हणून; रानात असा योग सहसा येत नाही. पुष्कळ छायाचित्रांत मेलेले नमुने खोडाला टोचलेले वा चिकटवलेले होते. दिवसा हा पतंग उघड्या खोडावरच बसतो, हेही अर्धसत्य होते : केंब्रिजचे मायकेल मजेरस यांनी रानात सापडलेल्या १३५ पतंगांच्या जागा तपासल्या तेव्हा निम्म्याहून थोडे अधिक आडव्या फांद्यांवर, सुमारे एकतृतीयांश खोडांवर आणि बाकीचे डहाळ्यांवर आढळले. फांद्यांखालची बैठक केटलवेललाही ठाऊक होती, पण पाठ्यपुस्तकांना ती नको होती. मजेरस यांनी १९९८ च्या आपल्या ग्रंथात प्रयोगांतील हे कच्चे दुवे दाखवले ते निष्कर्ष पक्का व्हावा म्हणून. परंतु त्या ग्रंथाचे परीक्षण करताना जेरी कॉइन या उत्क्रांतिशास्त्रज्ञाने आपल्या निराशेची तुलना, नाताळच्या भेटी सांताक्लॉज नव्हे तर वडीलच आणतात हे कळलेल्या मुलाच्या निराशेशी केली, आणि वादाला तोंड फुटले. उत्क्रांतीच्या विरोधकांनी छायाचित्रांवर बोट ठेवून सगळा धडाच लबाडी ठरवला. ज्युडिथ हूपर यांच्या २००२ च्या पुस्तकाने केटलवेलच्या प्रामाणिकपणावरही संशय घेतला, ज्याला सबळ आधार मिळालेला नाही. छायाचित्र हा पुरावा नसून पुराव्याचे स्पष्टीकरण असते, हा फरक धडा शिकवताना कोणी सांगितला नव्हता, म्हणून चित्र डळमळताच त्यामागची मोजणीही डळमळल्यासारखी वाटली. दोष पतंगाचा नव्हता आणि बव्हंशी केटलवेलचाही नव्हता. एका सुबक चित्रावर शाळांनी टाकलेला तो अवाजवी भार होता.

मजेरस यांनी वादाला दिलेले उत्तर जुन्या संग्राहकांच्या चिकाटीला शोभणारे होते. २००१ पासून सहा उन्हाळे त्यांनी केंब्रिजमधल्या स्वतःच्या बागेत एकूण ४,८६४ पतंग थोड्याथोड्या संख्येने, रात्री, त्यांना स्वतःची जागा निवडू देऊन सोडले, आणि पहाटे दुर्बिणीतून कोणता पक्षी कोणाला उचलतो ते पाहिले. नऊ जातींच्या पक्ष्यांनी ते खाल्ले. स्वच्छ झालेल्या त्या परिसरात काळ्यांचा बळी पांढऱ्यांहून स्पष्टपणे जास्त गेला. २००९ मध्ये त्यांचे निधन झाले आणि त्यांची आकडेवारी सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये प्रसिद्ध केली.

दरम्यान रानच बदलत होते. डिसेंबर १९५२ च्या लंडनमधील जीवघेण्या धुरक्यानंतर १९५६ मध्ये हवाशुद्धीचा कायदा झाला, घरोघरच्या कोळशाच्या शेगड्या विझत गेल्या आणि दगडफूल हळूहळू खोडांवर परतले. लिव्हरपूलजवळच्या काल्डी येथे सिरिल क्लार्क या वैद्याने १९५९ पासून आपल्या घरामागे दरवर्षी दिवा लावून पतंग मोजले. आरंभी शंभरात नव्वदाहून अधिक काळे होते, १९९० च्या दशकाच्या मध्यापर्यंत ते वीसाच्या खाली आले. आईच्या व गर्भाच्या ऱ्हेसस रक्तगटांच्या विसंगतीतून होणारे बालमृत्यू टाळण्याचा उपाय शोधणाऱ्या पथकाचा हा प्रमुख, आणि त्याच्या त्या कामाचे मूळ फुलपाखरांच्या आनुवंशिकतेच्या छंदात होते, हे येथे जाता जाता सांगितले पाहिजे. २०१६ मध्ये लिव्हरपूलच्या संशोधकांना काळ्या रंगाचे मूळही सापडले : गुणसूत्रावर एका जागेवरून दुसरीकडे उडी मारणारा सुमारे २२ हजार अक्षरांचा डीएनएचा तुकडा ‘कॉर्टेक्स’ नावाच्या जनुकात घुसलेला होता, आणि संख्याशास्त्रीय अंदाजानुसार ही घटना १८१९ च्या आसपास घडली असावी. एडल्स्टनच्या पतंगाआधी तीसएक वर्षे ते रूप कोठेतरी, कोणाच्या नजरेस न येता, उडत होते.

अलीकडे ब्रिटनमधील शाळांत आणि निसर्गमंडळांत पतंगांची ओळख पुन्हा प्रत्यक्ष करून देण्याची रीत रुळली आहे. पेटीवर प्रखर दिवा, खाली नरसाळे आणि पेटीत कागदी लगद्याचे अंड्यांचे ट्रे, एवढाच सरंजाम असतो; दिव्याने आलेले पतंग नरसाळ्यातून आत पडतात आणि ट्रेच्या खळग्यांत शिरून बसतात. सकाळी मुले एकेक ट्रे उचलून, उलटा करून, खळग्यांत निपचित बसलेले पतंग ओळखतात, वहीत लिहितात आणि झुडपात सोडून देतात. विषारी पानांची बाटली या रीतीत उरलेली नाही. अळ्यांचेही मुलांना दाखवण्याजोगे नवे नवल पुढे आले आहे. मिरी-पतंगाची अळी जिच्यावर वाढते त्या काटकीचा रंग, हिरवा असो वा तपकिरी, आपल्या अंगावर उतरवते हे पूर्वीपासून माहीत होते. लिव्हरपूलच्याच संशोधकांनी २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात अळ्यांचे डोळे काळ्या रंगाने झाकून टाकले, तरी त्यांनी काटकीचा रंग अचूक घेतला. प्रकाशाची जाण त्यांच्या त्वचेतच असल्याचे त्यावरून दिसले. डोळे बांधून रंग ओळखण्याचा हा खेळ कोणत्याही पाठ्यपुस्तकी चित्रात मावणारा नाही.

मँचेस्टरच्या आसपास जून महिन्यात ट्रे उलटणाऱ्या मुलाला आता मिळतो तो बहुतेक वेळा पांढरा, मिरी शिंपडलेला पतंग. काळा फारच क्वचित येतो, आणि आलाच तर १८४८ मध्ये जशी झाली असेल तशीच सगळ्यांची त्या एका ट्रेभोवती गर्दी होते.